मानाची खोली

आपल्या लग्नांतून जानवसा जवळजवळ हद्दपार झाला, पण जानवशातले रुसवे काही गेले नाहीत. ते आता हॉटेलांच्या स्वागतकक्षात मुक्कामाला आले आहेत. माझ्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, वऱ्हाड यायच्या आठ दिवस आधीपासून मुलीचे वडील कागदावर खोल्या मांडून बसायचे. माडीवरची हवेशीर खोली वरमाईला, रस्त्याकडची मुलाच्या थोरल्या काकांना, मामा खाली, पण पंख्याखाली. एवढे करूनही आत्याबाईंच्या वाट्याला न्हाणीघराशेजारची खोली आली की सीमांतपूजनापर्यंत त्यांचा चेहरा उतरलेला असे. मग कुणीतरी पोक्त माणूस मध्ये पडायचा, गाद्या हलायच्या, आत्याबाई माडीवर जायच्या आणि लग्न सुरळीत पार पडायचे. या गाद्या हलवण्याला आज इंग्रजीतून आलेला एक शब्द आहे : अपग्रेड.

सुट्ट्या लागल्या की आमच्या लोणी काळभोरच्या सोसायट्यांमधून गाड्या भरभरून कुटुंबे बाहेर पडतात. पूर्वी ती अष्टविनायकाला किंवा कोकणात जात. आताही जातात, पण नातवंडांचे मत विचारले, तर गाडी हडपसर आणि पुण्याची गर्दी कशीबशी ओलांडून द्रुतगती मार्गाला लागते आणि बोरघाट उतरून खोपोलीजवळच्या इमॅजिकाकडे वळते. शिवाय आता नुसते दिवसभर झोपाळ्या-पाळण्यांत बसून परतायचे नसते. उद्यानाला लागून असलेल्या हॉटेलात एक रात्र काढायची असते. निघायच्या एक-दोन दिवस आधी मोबाइलवर निरोप येतो, ‘आपले चेक-इन ऑनलाइन पूर्ण करा.’ आणि पुष्कळदा त्याच्याच खाली दुसरा, ‘थोडे अधिक भरून याहून चांगली खोली मिळवा.’

या दोन ओळींबद्दल मला आज लिहायचे आहे. विषय चैनीचा वाटेल. पण जे घर वर्षातून एकदा सगळे मिळून दोन दिवस बाहेर पडते आणि त्यासाठी महिन्याच्या मिळकतीचा मोठा तुकडा मोडते, त्या घराला तो चैनीचा वाटत नाही. तिथे आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाची काहीतरी अपेक्षा त्या एका खोलीत भरलेली असते.

मुळात खेळायच्या बागेत हॉटेल कशाला, असा प्रश्न माझ्या पिढीला पडणे साहजिक आहे. 1989 साली मुंबईजवळ गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले, तेव्हा तिथे जाणे म्हणजे सकाळी होडीने खाडी ओलांडायची, दिवसभर हुंदडायचे आणि दमून-भागून रात्री घरच्या अंथरुणावर पडायचे. उद्यान एका दिवसाचे होते. त्याला मुक्कामाची जोड देण्याची कल्पना मात्र जुनी आहे आणि अमेरिकेतली आहे. वॉल्ट डिस्नेने 1955 साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा स्वतः हॉटेल बांधण्याइतका पैसा त्याच्या हाती उरला नव्हता. शेजारचे डिस्नेलँड हॉटेल जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने त्याच वर्षी सुरू केले. त्यातला फायदा डिस्ने कंपनीच्या ध्यानात न आला तरच नवल. 1971 साली फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले, तेव्हा उद्यानाबरोबर कंपनीची दोन मोठी हॉटेलेही उभी होती. आपल्याकडे हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत ‘सितारा’ आणि ‘तारा’ अशी हॉटेले आहेत. बंगळूरच्या वंडरलाला 2012 साली राहण्याची जोड मिळाली. आणि 2013 साली सुरू झालेल्या इमॅजिकाशेजारी 2015 साली नोव्होटेल इमॅजिका उभे राहिले. त्याच्या खोल्या पुढे 287 पर्यंत गेल्या.

बँकेत असताना असे बरेच प्रकल्प-अहवाल टेबलावरून गेले, त्यामुळे यामागचा हिशेब मला परका नाही. पाळण्यात दहा माणसे बसली काय नि चाळीस बसली काय, वीज आणि माणसे तेवढीच लागतात. दिवसापुरता आलेला गिऱ्हाईक तिकीट आणि फार तर एक जेवण देऊन जातो. मुक्कामाला राहिलेला माणूस रात्रीचे जेवण घेतो, दुसऱ्या दिवसाचे तिकीट घेतो आणि पोरांच्या हट्टापायी एखादा बाहुलाही. हा धंदा सोपा नाही. इमॅजिका मोठ्या कर्जावर उभे राहिले, ते कर्ज मूळ चालकांना पेलले नाही, आणि 2022 साली उद्यान संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाच्या हाती गेले. तेव्हा हॉटेलवाले चार पैसे जास्त मिळवायच्या वाटा शोधतात, यात मला काही पाप दिसत नाही. पाहायचे एवढेच, की त्या वाटा आपल्या घरातल्या कुणाच्या अंगावरून जातात.

हॉटेलची खोली हा नाशवंत माल आहे. आमच्याकडून पहाटे मार्केट यार्डात जाणाऱ्या पालेभाजीसारखा. आज विकली गेली नाही तर उद्या ती ‘आजची खोली’ म्हणून विकता येत नाही. विमान कंपन्यांना ही गोष्ट आधी उमगली. 1980 च्या दशकात अमेरिकी विमान कंपन्यांनी एकाच विमानातल्या शेजारशेजारच्या खुर्च्या वेगवेगळ्या दराने विकायचे शास्त्र बसवले. हॉटेलांनी ते त्यांच्याकडून उचलले. म्हणून एकाच मजल्यावर, एकाच तऱ्हेच्या खोलीत, दोन कुटुंबांनी दोन वेगळे दर भरलेले असतात. वारंवार येणाऱ्या गिऱ्हाइकाला गुण देऊन बांधून ठेवायची युक्तीही विमानांचीच. अमेरिकन एअरलाइन्सने ती 1981 साली आणली आणि दोन वर्षांत मोठ्या हॉटेल-साखळ्यांनी तिची नक्कल केली. आज नोव्होटेल ज्या फ्रेंच ॲकॉर समूहाचे आहे, त्याच्या सभासदांत सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशा पायऱ्या आहेत आणि वरच्या पायरीवर ‘उपलब्ध असल्यास’ वरची खोली मिळण्याची सोय आहे.

‘उपलब्ध असल्यास’ या दोन शब्दांत अपग्रेडचे सगळे रहस्य आहे. हॉटेलात स्वस्त खोल्या आधी भरतात, महागड्या मागे राहतात. स्वस्त खोल्यांची मागणी तर अजून चालूच असते. मग दुपारी व्यवस्थापक काही पाहुण्यांना वर सरकवतो, खाली जागा करतो आणि ती पुन्हा विकतो. वर सरकलेल्या पाहुण्याला वाटते, आपला मान राखला. खरे म्हणजे त्याला न खपलेला माल मिळालेला असतो. यात कुणाचे नुकसान नाही. उलट दोघांचाही फायदा आहे. फक्त त्याला मान समजू नये, एवढेच. जानवशातल्या आत्याबाईंना माडी मिळायची ती त्या आत्याबाई होत्या म्हणून. इथे ती मिळते, कारण संगणकाच्या पडद्यावर एक चौकोन रिकामा दिसत असतो.

आता ऑनलाइन चेक-इनकडे येऊ. यात सोय नाही असे कोण म्हणेल? रांग कमी होते, पोरे काउंटरपाशी ताटकळत नाहीत. पण त्यातून काय होते आणि काय होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवे. त्याने खोली लवकर तयार होत नाही. बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी 2 किंवा 3 वाजता मिळते, कारण सकाळी 11-12 ला आधीचा पाहुणा गेल्यावर चादरी बदलणारी, न्हाणीघर घासणारी माणसे मोजकी असतात आणि एकेकाला पाळीत डझनभर किंवा त्याहून जास्त खोल्या आवरायच्या असतात. तुम्ही आदल्या रात्री मोबाइलवर कितीही बोटे फिरवा, त्या माणसाचे दोन हात चार होत नाहीत. ऑनलाइन चेक-इनने होते ते एवढेच, की पूर्वी रजिस्टरात जे कारकून लिहायचा, ते आता आपण लिहितो. म्हणजे घरातली सूनबाई लिहिते. दिवसभराचे काम उरकून, मुलांच्या बॅगा भरून झाल्या की रात्री साडेअकराला ती सगळ्यांची ओळखपत्रे जमिनीवर मांडून त्यांचे फोटो काढत बसते. “आई, तुमच्या कार्डावरची जन्मतारीख आणि पॅनवरची वेगळी कशी?” हा प्रश्न मी अशा एका रात्री माझ्या घरात ऐकलेला आहे.

त्या ओळखपत्रांविषयीही दोन शब्द. हॉटेलाने पाहुण्यांची नोंद ठेवणे हे सुरक्षेचे काम आहे, त्याला हरकत नाही. परदेशी पारपत्रावर आलेल्या पाहुण्याची खबर तर हॉटेलाला 24 तासांत सरकारला द्यावी लागते. तेव्हा न्यू जर्सीहून आलेल्या नातवाचे पारपत्र घरी विसरून चालणार नाही, ऑनलाइन चेक-इन झालेले असो वा नसो. पण आधारचा पूर्ण क्रमांक प्रत्येक ठिकाणी देऊन ठेवायची गरज नाही. फक्त शेवटचे 4 अंक दाखवणारे झाकलेले आधार सरकारनेच उपलब्ध करून दिले आहे. ज्याने आयुष्यभर ग्राहकांच्या सह्यांचे नमुने कुलपात ठेवले, त्याला आपल्या घरातल्या 6 माणसांची कागदपत्रे अशी वाऱ्यावर सोडताना हात आखडता घ्यावासा वाटतो.

अर्ज भरून झाला की मग येते ते पान, ‘थोडे अधिक भरा’. इथे बँकवाल्याची सवय म्हणून मी कागद-पेन्सिल घेतो. 22 सप्टेंबर 2025 पासून हॉटेलच्या खोलीचे एका रात्रीचे भाडे 7500 रुपयांपर्यंत असेल, तर वस्तू व सेवा कर 5 टक्के आहे. त्यापुढे गेले की 18 टक्के, आणि तोही वरच्या रकमेवर नव्हे, पूर्ण रकमेवर. समजा, तुमची खोली 7000 ची आहे. करासह 7350 झाले. पडद्यावर लिहिले आहे, ‘फक्त 1500 रुपयांत तलावाकडची खोली.’ तुम्ही हो म्हणता. भाडे झाले 8500 आणि 18 टक्के धरून एकूण 10,030. म्हणजे 1500 ची म्हणून घेतलेली खिडकी 2680 रुपयांना पडली. हॉटेलने तुम्हाला फसवले असे नाही, कर सरकारचा आहे. पण हा हिशेब ‘हो’ म्हणण्याआधी पडद्यावर दिसायला हवा की नको?

हवा, असे सरकारचेही म्हणणे आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये ऑनलाइन विक्रीतल्या 13 कावेबाज प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. आधी कमी दाखवलेली किंमत हळूहळू वाढवत नेणे, ‘शेवटच्या दोनच खोल्या’ अशी खोटी घाई उडवून देणे हे प्रकार त्यात आहेत. आणखी एक प्रकार आहे, त्याची मला लेखक म्हणून गंमत वाटते. नकार देणाऱ्याला लाजवणे. ‘होय, मला चांगली खोली हवी’ असे एक बटण आणि ‘नको, मी साध्या खोलीतच भागवीन’ असे दुसरे. दुसऱ्या बटणावर बोट ठेवताना चांगला कमावता माणूसही क्षणभर बायकोकडे पाहतो. वाक्याचा हा असा वापर कथा-कादंबरीत शोभतो, बिलात शोभत नाही.

इथपर्यंतचे सारे पैशांचे झाले. पैशांचे नुकसान भरून येते. मला जे खरे बोचले ते निराळे आहे. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, दोन्ही गुडघे गेलेले आहेत. अशाच एका उद्यानाच्या हॉटेलात आम्ही तिला घेऊन गेलो. खोल्या घेतानाच कळवले होते, की एक खोली लिफ्टजवळची हवी. ऑनलाइन चेक-इन करताना त्या रकान्यात पुन्हा लिहिले. प्रत्यक्षात खोली मिळाली ती लांबलचक मार्गिकेच्या पार टोकाला. काउंटरवरचा मुलगा अतिशय नम्र होता. “सर, आपली विनंती नोंदलेली आहे, पण विनंतीची हमी नसते. लिफ्टजवळच्या खोल्या वरच्या श्रेणीतल्या आहेत. फरक भरलात तर आत्ता देतो.” आमच्या शेजारी उभ्या असलेल्या धडधाकट तरुण जोडप्याला त्याच वेळी, त्यांच्या सभासदत्वाच्या पायरीमुळे, तशी खोली न मागता मिळत होती. त्या दोघांचा काहीच दोष नव्हता. मुलाचाही नव्हता, त्याच्यासमोरच्या पडद्यावर गुडघ्यांसाठी रकाना होता, पण त्या रकान्याला वजन नव्हते. अक्का म्हणाली, “राहू दे रे, हळूहळू जाईन मी.” आणि ती गेली. मध्ये दोनदा भिंतीला टेकून.

मला सांगायचे आहे ते हेच. दर्जा विकायला माझी ना नाही. पण गरज ही दर्जाच्या यादीत घालून विकू नये. तलावाचे दृश्य हा दर्जा आहे. मोठा पलंग, वरचा मजला, फळांची परडी, हा सगळा दर्जा आहे. ज्याला परवडेल त्याने घ्यावा, ज्याला बक्षीस मिळेल त्याने आनंदाने घ्यावा. लिफ्टजवळची खोली, न्हाणीघरात धरायला दांडा, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईला सासू-सासऱ्यांशेजारची खोली, ही गरज आहे. आधी गरजेच्या खोल्या वाटून घ्याव्यात, मग उरलेल्यांचा काय तो लिलाव करावा. आज क्रम उलटा आहे. आधी पैसे, मग पायरी, आणि उरलेच काही तर विनंती.

यावर कुणी म्हणेल, जास्त पैसे देणाऱ्याला जास्त मिळणारच. रेल्वेला पहिला वर्ग नव्हता का? होता, आणि रजा-प्रवास सवलतीत मीही त्यातून हिंडलो आहे. पण तो दर स्टेशनवर टांगलेला असे आणि सगळ्यांना एकच असे. आणि रेल्वेचे उदाहरण निघालेच आहे, तर ते पूर्णच घेऊ. आपल्या रेल्वेतही अपग्रेड आहे. 2006 पासून, वरच्या वर्गात जागा रिकामी असेल तर पूर्ण भाडे भरलेल्या खालच्या वर्गातल्या प्रवाशाला जादा पैसे न घेता ती देण्याची योजना आहे. चार्ट बनताना संगणक निवड करतो. तिथे सोनेरी कार्ड लागत नाही. आणि त्याच रेल्वेत ज्येष्ठ नागरिकांना, तसेच 45 वर्षांपुढच्या महिलांना, जागा असेल तर खालचा बर्थ आपोआप मिळतो. न मागता मिळतो. म्हणजे न खपलेल्या जागा नशिबावर, आणि खालचा बर्थ गरजेवर. इतकी साधी, इतकी शहाणी विभागणी ज्या देशात रोज लाखो प्रवाशांसाठी होते, तिथे दोन-तीनशे खोल्यांच्या हॉटेलाला ती जमू नये?

बँकांनीही हे शिकून घेतले. मोठ्या ठेवीदाराला व्यवस्थापकाच्या केबिनमध्ये चहा मिळतो, हे मी नाकारत नाही; तो धंदा आहे. पण पेन्शनच्या दिवशी ज्येष्ठांसाठी वेगळी खिडकी असते, तिथे ठेव किती हे कुणी विचारत नाही. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2017 मध्ये ज्येष्ठ आणि अपंग ग्राहकांना स्वतंत्र काउंटर किंवा अग्रक्रम देण्याच्या आणि सत्तरीपुढच्यांना घरपोच सेवा देण्याच्या सूचना बँकांना दिल्या. चहा दर्जाप्रमाणे, खिडकी गरजेप्रमाणे. दोन्ही एकाच छताखाली नांदू शकतात.

आणि आमच्या गावाला तर हे कुणी शिकवायलाच नको. दरवर्षी आषाढीच्या आधी संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातून निघते, हडपसरला माउलींच्या पालखीपासून तिची वाट वेगळी होते आणि त्या संध्याकाळी ती आमच्या लोणी काळभोरला मुक्कामाला येते. एका रात्रीत गावात इतके पाहुणे उतरतात की कुठल्याही हॉटेलच्या व्यवस्थापकाला घेरी यावी. उगीच सोवळे चित्र मी रंगवणार नाही. वारीतही क्रम आहे. दिंड्यांना नंबर आहेत, मानाच्या दिंड्या आहेत, त्यावरून वादही होतात. वारी फुकटही नाही. दिंडीत चालणारा आपली भिशी भरतो, त्यातून शिधा येतो, तंबू येतात. पण पावसाची सर आली की ओसरीवर कोण आणि अंगणात कोण, हे भिशीच्या पावतीवरून ठरत नाही. म्हातारी आत, जवान पोर बाहेर. आमच्या आळीत वर्षानुवर्षे एकेका घरी ठरलेली दिंडी उतरते आणि घरातली बाई उंबऱ्यातूनच विचारते, “माउली, पाय सुजलेत का? कढत पाणी ठेवलंय.” स्वागतकक्षात विचारायचा पहिला प्रश्न खरा तर हाच आहे. त्यानंतर खुशाल कार्ड मागा.

उद्यानांच्या हॉटेलांविषयी हे आग्रहाने म्हणायचे दुसरे कारण म्हणजे तिथले पाहुणे. धंद्याच्या कामाने एकटादुकटा येणारा माणूस तिथे क्वचित. तिथे येते ते कुटुंब, त्यातही मुले. आणि मुले फार लवकर शिकतात. डिस्नेच्या उद्यानांत 1999 साली रांग टाळण्याची एक सोय निघाली. तिकीट असलेल्या कुणालाही ती फुकट मिळे, थोडे नियोजन मात्र करावे लागे. 2021 साली ती बंद झाली आणि तिच्या जागी पैसे भरून घ्यायची सोय आली. फ्लोरिडात कंपनीच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना उद्यानात अर्धा तास आधी सोडतात आणि अधिक महागड्या हॉटेलांतल्यांना काही रात्री उशिरापर्यंत थांबू देतात. म्हणजे खोलीच्या दर्जावरून खेळायची वेळ ठरते. आपल्याकडेही इमॅजिकात जादा पैशांचे ‘एक्स्प्रेस’ तिकीट आहेच. पाळण्याच्या रांगेत उन्हात उभ्या असलेल्या माझ्या नातवाने शेजारून सरसर पुढे जाणाऱ्या मुलांकडे पाहून विचारले होते, “आबा, ते कोण आहेत?” ‘कुठे चाललेत’ असे नाही, ‘कोण आहेत’. रांग हा पोरांचा नागरिकशास्त्राचा पहिला धडा असतो. आपला नंबर येईपर्यंत थांबायचे, मध्ये घुसायचे नाही, हे आपण त्यांना तिथेच शिकवतो. त्याच रांगेच्या शेजारी दुसरी रांग दिसली की तो धडा समजावून सांगायला आजोबांना फार कष्ट पडतात. मी त्याला म्हटले, “त्यांनी जास्त पैसे भरलेत.” तो म्हणाला, “मग आपण का नाही भरले?” प्रश्न रास्त होता. मी त्याला भेळ घेऊन दिली.

तेव्हा हॉटेलवाल्यांना माझे सांगणे थोडकेच आहे. ऑनलाइन चेक-इन जरूर ठेवा. पण काउंटरवरचा माणूस काढू नका आणि त्याच्यासमोर दोन खुर्च्या ठेवा. अर्जात ‘विनंती’ नावाचा रकाना आहे, त्याचे दोन भाग करा, आवड आणि गरज. आवडीची हमी नको; पण ज्येष्ठ, अपंग, गरोदर, तान्ह्या मुलांच्या आया यांची गरज बुकिंगच्याच दिवशी पक्की करा आणि त्यासाठी लागतील तेवढ्या खोल्या विक्रीच्या खेळातून बाहेर ठेवा. ‘थोडे अधिक’ म्हणजे करासह एकूण किती, ते त्याच ओळीत लिहा. हे धर्मादाय काम नाही, यात धंदाही आहे. ज्या घरातली म्हातारी सुखाने राहिली, ते घर पुढच्या वर्षी पुन्हा येते, आणि त्याला तुमच्या गुणांची गरज लागत नाही.

आणि आपण, प्रवासाला निघणारी मंडळी? आपणही थोडे करू शकतो. घरातल्या गरजा बुकिंग करतानाच लेखी कळवाव्यात आणि उत्तर लेखीच मागावे. ते गोलमाल आले तर तिथे जाऊ नये. महाराष्ट्रात राहायला जागांचा दुष्काळ नाही. चेक-इनचा अर्ज घरातल्या एकाच माणसाने जागून भरू नये. सगळ्यांनी मिळून भरावा, म्हणजे सूनबाईची सहलही आदल्या रात्रीपासून सुरू होईल. खोली कुणाला कुठली, हे हॉटेलच्या पडद्याने नव्हे, आपण ठरवावे. दोन खोल्यांपैकी एक चांगली निघाली, तर ती कुणाला जाते, यावर मुलांचे डोळे असतात. पैसे भरणाऱ्याने ती घेतली, तर मुले एक गोष्ट शिकतात. ज्याचे पाय दुखतात त्याला दिली, तर दुसरी. आणि सकाळी निघताना चादरी बदलणाऱ्या माणसाला नमस्कार करून निघावे. आपल्या खोलीचा दर्जा खरा त्याच्या हातात होता.

जानवशातल्या मानपानाला आम्ही तरुणपणी खूप हसलो. त्यात हसण्यासारखे पुष्कळ होतेही. पण त्या यादीत, अगदी वरमाईच्याही आधी, एक नाव न लिहिता धरलेले असायचे. घरातले सर्वांत म्हातारे माणूस; त्याला खालची, दाराजवळची, न्हाणीघराला जवळ पडणारी खोली. त्यावर कुणी रुसत नसे, कुणी बोली लावत नसे. मानाच्या बाकीच्या खोल्या खुशाल विका. ती एक खोली विकायची नसते.